उंटावरून शेळ्या हाकणारांस

मराठी भाषेने शेळीवर फार अन्याय केला आहे. भित्र्या माणसाला आपण शेळपट म्हणतो. कामाला हात न लावता लांबून हुकूम सोडणारा उंटावरून शेळ्या हाकतो. आणि ज्याला गणित जमत नाही त्याला भर वर्गात एकच सल्ला मिळतो, 'तू आपल्या शेळ्याच राख!' हा सल्ला ज्याला कधी मिळाला नाही असा विद्यार्थी, निदान खेड्यातून एस.टी.ने कॉलेजला येणारांमध्ये, मला तरी भेटलेला नाही. सल्ला देणाराचा हेतू वाईट नसतो. मुलाने शिकून पुढे जावे एवढेच त्याला म्हणायचे असते. पण त्यातून एक समजूत आमच्या मनात घट्ट बसली आहे, की शेळ्या राखणे म्हणजे डोके न लागणारे काम आणि वाया गेलेला वेळ. या समजुतीशी माझे भांडण आहे.

सध्या 'वर्तमान क्षणात जगा' असे सांगणारांचे पेव फुटले आहे. शहरांत त्यासाठी शिबिरे भरतात आणि माणसे पैसे भरून तेथे गप्प बसायला जातात. श्वास कसा घ्यावा हे मोबाईलवर शिकवणारेही पुष्कळ आहेत. त्यांची थट्टा करण्याचा माझा विचार नाही. माणसे पैसे मोजून शांतता विकत घेऊ लागली, त्या अर्थी काहीतरी हरवले आहे हे खरेच. पाळीव प्राणी घेऊन मोकळ्या हवेत फिरावे, म्हणजे मन थाऱ्यावर येते, असेही ही मंडळी सांगतात. आपल्या धाराशिवातही सकाळी कुत्र्याला साखळी लावून फिरवणारे दिसतात. पण कित्येकांच्या एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात मोबाईल असतो. कुत्रे खांबाशी थांबून मन लावून काही हुंगत असते आणि मालक त्याला न बघताच पुढे ओढत असतो. दोघे बाहेर पडले हे खरे. पण दोघे मिळून फिरले असे काही म्हणता येत नाही.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याने बाहेरून काही आणावे अशी गरज नाही. २०२३ साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. जुने नाव मात्र एका मुक्या जिवाला अजून चिकटून आहे, ती म्हणजे उस्मानाबादी शेळी. बहुधा काळीभोर, उंच अंगाची, लांब कानांची. पाच महिने गाभण राहून बरेचदा जुळी करडे देणारी. बालाघाटाच्या डोंगरउतारावर, बेभरवशाच्या पावसाच्या या मुलखात बाभळीच्या शेंगा आणि बोराटीचा पाला यांवर ती निभावून नेते. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतली आपली शेळी महाराष्ट्राबाहेरही नावाजलेली आहे. पण कौतुकात तिचा नंबर नाही. पोळ्याला बैलाची खांदेमळणी होते, वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. शेळीला ओवाळावे असा दिवस आमच्या पंचांगात नाही.

आमच्या घरी चार शेळ्या आहेत. सुट्टीच्या दिवशी, आणि कॉलेज लवकर सुटले तर दुपारनंतरही, त्यांना माळावर नेण्याचे काम माझ्याकडे असते. या कामाला डोके लागत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एक दिवस हातात आकडी घेऊन यावे. म्हैस एकदा गवतात सोडली की तिच्या पाठीवर झोपले तरी चालते. शेळीचे तसे नाही. तिला गवतापेक्षा पाला प्रिय. ती दोन घास इकडे घेते, चार घास तिकडे घेते, पुढचे पाय बाभळीच्या बुंध्यावर टेकून उभी राहते आणि काटा चुकवून नेमका कोवळा शेंडा ओढते. एवढे करून तिचा एक डोळा शेजारच्या हरभऱ्यावर असतोच. पुस्तक उघडून दोन ओळी वाचाव्यात तोवर एकजण दुसऱ्याच्या रानात शिरलेली असते, आणि मग गावात जे भांडण पेटते ते बांधाच्या भांडणापेक्षा लहान नसते. म्हणून बघत राहावे लागते. आणि बघत राहिले की दिसू लागते.

काय दिसते? मोटारसायकलचा आवाज मला ऐकू येण्याआधी चारही शेळ्यांचे कान त्या दिशेला वळलेले असतात. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते. त्यामुळे मान खाली घालूनही तिला दोन्ही बाजूंचा बराच मुलूख दिसतो. त्यांच्या पायांनी गवतातले किडे उडाले की साळुंक्या मागोमाग चालतात. दगडांच्या ढिगाऱ्यावर करडे चढतात, एकमेकांना ढकलतात, पुन्हा चढतात. यात त्यांचा काही लाभ नसतो, तरी ती थांबत नाहीत. ऊन चढले की सगळ्या लिंबाखाली बसतात आणि रवंथ सुरू होतो. गळ्यातून गोळा वर येताना स्पष्ट दिसतो. तो चावून गिळला की जबडा क्षणभर थांबतो, मग दुसरा गोळा वर येतो. हे बघत मी अर्धा तास सहज बसतो, आणि त्या अर्ध्या तासाचा मला कधी कंटाळा आलेला नाही.

तेथे बसून एक गोष्ट मला पटली आहे. शेळी आधी भराभर पोटात भरते आणि मग सावलीत बसून तेच पुन्हा नीट चावते. आम्ही दिवसभर मोबाईलवर फक्त पहिले काम करतो. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचतानाही तेच. प्राध्यापक मंडळी आमच्या पिढीचे लक्ष टिकत नाही अशी तक्रार करतात, ती खोटी नाही. पण लक्ष हे काही औषधाच्या बाटलीतून मिळत नाही. ज्याची जबाबदारी आपल्यावर आहे अशा कशाकडे तरी बघत राहिले, तरच ते अंगी मुरते. शिबिरात डोळे मिटून लक्ष शिकवतात. माळावर ते डोळे उघडे ठेवून शिकावे लागते.

आमची आजी शाळेत गेली नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात संध्याकाळी शेळ्या घरी आल्या, तेव्हा दारात बसल्या बसल्याच ती म्हणाली, "ती मागची बघ, गप का उभारलीय? रवंथ करंना गेलीय." जवळ जाऊन पाहिले तर तिची डावी कूस फुगलेली. पशुवैद्यक डॉक्टरांना बोलावले म्हणून शेळी वाचली. आजीला विचारले, अंधारात तुला कसे कळले? ती म्हणाली, "जित्राबाला बोलता येत न्हाई, बाबा. त्येचं बोलणं आपुन बघाव लागतंय."

बघणे एकतर्फी नसते, हे आता परदेशातील संशोधकही सांगतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेळ्यांपुढे खाऊ असलेला, पण त्यांना उघडता येणार नाही असा डबा ठेवला. शेळ्या जवळच्या माणसाकडे वळून पाहू लागल्या. माणसाचे तोंड त्यांच्याकडे असले तर अधिक वेळ, पाठ असली तर कमी. हे मागणे कुत्र्या-घोड्यांनाच जमते असा समज होता. २०१८ साली त्याच गटातील काहींनी दाखवले, की हसऱ्या आणि रागीट चेहऱ्याच्या चित्रांपैकी शेळ्या हसऱ्याकडे अधिक जातात. आपण पाठ फिरवून मोबाईलमध्ये डोके घातले की शेळीला ते कळते, असा याचा अर्थ मी काढला तर तो फारसा चुकीचा होऊ नये.

आता कोणी म्हणेल, हे सारे घरी भाकरी तयार असणाऱ्याचे बोलणे झाले. आनंद यादवांची 'झोंबी' १९८७ साली प्रसिद्ध झाली. शेतात राबवून घेणाऱ्या बापाशी झगडत शाळा शिकणाऱ्या पोराची ती हकिगत ज्यांनी वाचली ते मला खडसावतीलच. त्यांचे बरोबर आहे. ज्या पोराला शाळा सोडून शेळ्यांमागे जावे लागते, त्याला माळावरच्या शांततेचे गोडवे सांगणे म्हणजे क्रूरपणा होय. पुष्कळ घरांत तर शेळ्या बहिणीच्या गळ्यात पडतात आणि भाऊ कॉलेजात जातो. शाळेच्या जागी शेळ्या असे मी म्हणत नाही. मात्र त्या बहिणीला माळावर राहून जे कळते तेही ज्ञान आहे, आणि तिच्या नशिबी आलेल्या कामाची शिवी करून आपण तिला दुसऱ्यांदा शिक्षा करतो, हे माझे म्हणणे आहे.

दुसरे, माळावर नुसती शांतता असते असाही कोणी समज करून घेऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या जंगलातून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. राखण या शब्दाचा अर्थ काय, तो त्या हिवाळ्यात शेळ्या राखणाऱ्या प्रत्येकाला नव्याने कळला असेल.

तिसरा आक्षेप मात्र मला सर्वांत अवघड वाटतो. शेळी म्हणजे काही शहरातले लाडके कुत्रे नव्हे. ती बाजारात विकण्यासाठी पाळलेली असते. 'शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड' ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. मग हे बघणे आणि लळा लावणे म्हणजे ढोंग नव्हे काय? माझी पहिल्या वर्षाची फी एका बोकडाच्या पैशांतून भरली गेली. माझ्या धाकट्या बहिणीने त्याला हाताने पाला चारला होता. बाजारच्या दिवशी ती घराबाहेर आली नाही, आणि वडिलांनी नोटा मोजल्या त्याही न बोलता. या आक्षेपाला चपखल उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच वाटते, की ज्याच्या जिवावर आपण शिकतो त्याला नीट पाहिलेले तरी असावे. तो कोणत्या झाडाला आधी तोंड लावी, कोणत्या दगडावर चढून बसे, हे आपल्याला ठाऊक असावे. बघण्याने त्याचे मरण टळत नाही. पण न बघता खाणारा आणि बघून जड मनाने विकणारा यांच्यांत मला फरक दिसतो. लळा नको म्हणून नजर वळवणे सोपे आहे. उंटावर बसणे म्हणजे तरी दुसरे काय असते?

मित्रहो, आपल्या जिल्ह्याला रानात जाणे नवे नाही. मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला, आपल्या येळवसला, गावेच्या गावे रानात लोटतात. कडब्याच्या कोपीपुढे पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील पोटभर होते. मग आम्ही तरुण मंडळी काय करतो? ज्वारीत उभे राहून फोटो काढतो आणि झाडाखाली मोबाईल बघत पडतो. येत्या येळवसला एवढे करून पाहा. जेवण झाले की मोबाईल कोपीत ठेवा, आणि घरची नसेल तर शेजाऱ्याची एक शेळी निवडून तासभर तिच्या मागे चाला. ती काय खाते, काय हुंगून सोडून देते, कशाला दचकते ते पाहा. जिच्याकडे ती रोज असते त्या बाईला किंवा पोरीला दोन प्रश्न विचारा. आणि जे दिसले ते पुढच्या वर्षीच्या अंकासाठी लिहून संपादकांकडे द्या. माझे म्हणणे चुकीचे ठरले तर तेही वाचायला मला आवडेल.