दोन्ही टोकांचा आकडा एकच हवा

आमच्या कार्यालयात मागे वरच्या मजल्यावर नवा स्विच बसविला. दुसऱ्या दिवशी त्या मजल्यावरील लेखा शाखेचे संगणक सर्व्हरला लागेनात. पगारबिले अडली. इतर शाखांचे काम मात्र सुरळीत चालू. ठपका आला तो कंत्राटी मुलावर. "वायर नीट लावली नसेल," असे म्हणून साहेब मोकळे झाले. वास्तविक वायर ठीक होती. चूक एका आकड्याची होती. हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करणारी मुले वाचकांच्या घरांत पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही ती येथे समजावून देत आहोत.

एकाच स्विचवर शाखांची वेगवेगळी जाळी करता येतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. प्रत्येकाला १ ते ४०९४ यांपैकी क्रमांक असतो. दोन स्विचमधील ज्या एका जोडणीतून सर्व व्हीलॅनची माहिती जाते, तो ट्रंक. टपालाची थैलीच म्हणा. थैलीतल्या लखोट्यांवर शाखेचा क्रमांक असतो, तशी येथे प्रत्येक माहितीला ४ बाइटची चिठ्ठी लागते. १९९८ च्या ८०२.१क्यू या मानकात ही पद्धत ठरली. मात्र एका व्हीलॅनचे लखोटे बिनचिठ्ठीचे जातात. तो नेटिव्ह व्हीलॅन.

आता बिनचिठ्ठीचा लखोटा कोणाचा, हे दोन्ही टोकांनी सारखेच मानले पाहिजे. सिस्कोच्या नव्या स्विचवर हा आकडा मुळात १ असतो. आमच्या जुन्या स्विचवर तो १०, म्हणजे लेखा शाखा. खालून निघालेला लेखाचा लखोटा वर १ चा ठरे. अशाने एका शाखेची माहिती दुसरीत शिरू शकते. म्हणून स्पॅनिंग ट्री ही व्यवस्था हा घोळ ओळखून त्या दोन्ही व्हीलॅनची वाट ट्रंकवर अडवते. लेखा बंद, बाकीचे चालू, ते यामुळे.

उपाय सोपा आहे. दोन्ही टोकांच्या ट्रंक पोर्टवर 'स्विचपोर्ट ट्रंक नेटिव्ह व्हीलॅन ९९' ही आज्ञा द्यावी. ९९ हे उदाहरण झाले. कोणत्याही संगणकाला न दिलेला क्रमांक घ्यावा. नाहीतर एखादा लबाड दोन चिठ्ठ्या चिकटवून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये माहिती घुसवू शकतो. बदल आधी दूरच्या स्विचवर करावा. जवळचा आधी बदलला तर तिथवरची वाटच तुटण्याची भीती. मग 'शो इंटरफेसेस ट्रंक' देऊन दोन्हीकडचा आकडा पडताळावा.

त्या मुलाने स्विचवरील 'नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच' ही सूचना वाचली, आकडे जुळविले आणि संध्याकाळी पगारबिले निघाली. साहेब काही बोलले नाहीत. आम्ही त्याला एवढेच सांगितले, "बाळा, दोन्ही टोकांचे आकडे तारखेसह वहीत लिही आणि साहेबांची सही घे." पुढच्या वेळी ठपका आला, तर दाखवायला कागद हवा. आपल्या मुलामुलींनीही ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.