मुलांना जग दाखवावे, पण कसे?

शाळा बुडवून मुलांना वर्षभर परदेशात हिंडवणे म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असे आपल्याकडे समजले जाते. मूल वाढवायचे तर एक घर, एक शाळा आणि वेळेवर जेवण-झोप हवी, ही आपली पक्की समजूत. ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मुलांचा डॉक्टर या नात्याने मला वाटते, की दीर्घ प्रवासालाही संगोपनात स्थान आहे. मात्र त्याला काही अटी आहेत.

या बाबतीत कॅनडातील माँट्रियल येथील एका कुटुंबाचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. एडिथ लमे आणि सेबास्तियां पेलेतिए या दांपत्याला चार मुले. त्यांपैकी तिघांना ‘रेटिनायटिस पिग्मेंटोझा’ हा डोळ्यांचा आनुवंशिक विकार असल्याचे निष्पन्न झाले. या विकारात डोळ्याच्या पडद्यावरील पेशी हळूहळू निकामी होतात. प्रथम अंधारात दिसेनासे होते, मग बाजूचे दिसत नाही, पुढे नळीतून पाहावे तेवढीच नजर उरते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे येणारा रातांधळेपणा वेळीच उपचार केल्यास बरा होतो. हा तसा नव्हे. एका विशिष्ट जनुकदोषावरील उपचाराला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली, पण बहुतेक रुग्णांसाठी अद्याप खात्रीचा इलाज नाही. आपल्याकडे नात्यात लग्ने होतात, तेथे अशा विकारांचा धोका वाढतो. म्हणून दिवेलागणीनंतर वारंवार ठेचकाळणाऱ्या मुलाला ‘धांदरट’ म्हणून रागावू नका, नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

नजर आहे तोवर मुलांच्या मनात चित्रे साठवा, पुस्तकातले हत्ती-जिराफ दाखवा, असा सल्ला या आईला मिळाला. आईबापांनी ठरवले, पुस्तकातला हत्ती कशाला, खराच दाखवू! २०२० चा बेत कोरोनामुळे लांबला. अखेर मार्च २०२२ मध्ये सहाही जण निघाले. नामिबियापासून सुरुवात करून टांझानिया, तुर्कस्तान, मंगोलिया, इंडोनेशिया असे करीत ते सुमारे वर्षभर फिरले. या प्रवासावर २०२४ साली ‘ब्लिंक’ हा माहितीपटही निघाला.

या प्रवासाने मुलांचा विकार तसूभरही कमी झाला नाही, होणारही नव्हता. तरीही मी त्याला उत्तम संगोपन म्हणतो. पहिले कारण, काय पाहायचे यात मुलांची इच्छा विचारली गेली. एकाला उंटावर बसून फळांचा रस प्यायचा होता. तीही हौस यादीत धरली होती. दुसरे, वर्षभर आई-वडील पूर्णपणे मुलांच्या वाट्याला आले. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गैरसोय, अनोळखी अन्न, अनोळखी भाषा यांतून मार्ग काढण्याची सवय या मुलांना आई-वडिलांचा हात धरून लागली. पुढे अंधार आला तर हीच सवय कामी येणार आहे.

नुसत्या प्रवासानेच मुले घडत असती, तर आपल्या ऊसतोड कामगारांची मुले सर्वांत पुढे असती. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी हजारो कुटुंबे तोडीला जातात. मुले कित्येक महिने कोपीत राहतात. शाळा सुटते, लशीचा डोस चुकतो, पहाटेच आई-वडील फडात गेल्यावर धाकट्याला थोरली सांभाळते. परका मुलूख तीही पाहतातच. पण त्यांना कोणी विचारलेले नसते आणि त्यांच्यासाठी कोणाला वेळही नसतो. प्रवास हितकारक की घातक, हे यावरून ठरते.

आता आपल्या गावांतूनही नोकरीनिमित्त सहा महिने, वर्षभर मुलाबाळांसह परदेशी जाणारे वाढले आहेत. त्यांच्यासाठी थोडे सांगतो.

निघण्यापूर्वी सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जावे. गोवर-रुबेला लशीचे दोन डोस, पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, झालेले असावेत. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती किमान दहा दिवस आधी घ्यावी. तिचा दाखला २०१६ पासून आयुष्यभर चालतो. कुत्रे किंवा माकड चावल्यास जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्वरित डॉक्टरांना गाठावे.

पोहोचताच स्थळे पाहण्याची घाई नको. घड्याळात जितक्या तासांचा फरक, साधारण तितके दिवस शरीर रुळायला घेते. तोवर मूल चिडचिड करणारच. ओआरएसची पाकिटे जवळ असावीत. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. काही देशांत आपल्याकडची साधी वाटणारी औषधेही चालत नाहीत, आणि संयुक्त अरब अमिरातीत तर खसखस नेणेही गुन्हा ठरतो.

नव्या भाषेच्या शाळेत मूल काही आठवडे, क्वचित काही महिने गप्प राहते. ते ऐकून ऐकून शिकत असते. त्याला बोलण्याची सक्ती करू नये आणि घरातली मराठी बंद करू नये. दोन भाषांची सरमिसळ हा दोष नव्हे. परत आल्यावर सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे, त्यामुळे ‘वर्ष वाया जाईल’ ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

आजी-आजोबांनाही एक विनंती. नातवंडे दूर चालली म्हणून त्यांच्यासमोर रडू नका. ठरलेल्या वेळी रोज फोनवर गोष्ट सांगा. मुलाला तेवढा आधार पुरतो.

पालकांनी तिकिटे काढण्यापूर्वी मुलांना जवळ बसवून एकदा विचारावे, ‘तुम्हाला काय पाहायचे आहे?’ आणि लसीकरणाचे कार्ड पासपोर्टच्याच पाकिटात ठेवावे.