डोंगर संपला, गाव राहिले

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांताच्या पार पश्चिम टोकाला, लाल मातीच्या ओसाड पठारावर ब्रोकन हिल नावाचे शहर वसले आहे. प्रांताची राजधानी सिडनी येथून सुमारे १,१५० किलोमीटर, तर शेजारच्या प्रांतातील ॲडलेड ५०० किलोमीटर. त्यामुळे कारभार सिडनीचा असला, तरी गावाचे घड्याळ ॲडलेडच्या वेळेवर, सिडनीच्या अर्धा तास मागे चालते. रेल्वेदेखील प्रथम ॲडलेडच्या बाजूने १८८८ मध्ये आली. सिडनीशी रूळ जुळायला १९२७ साल उजाडावे लागले.

गावाच्या नावातला डोंगर मात्र आता शोधूनही सापडत नाही. १८८३ मध्ये चार्ल्स रास्प नावाच्या, मेंढ्यांच्या कुरणाच्या सीमेवर घोड्यावरून फेऱ्या मारणाऱ्या नोकराने येथील काळपट कड्यात कथिल असावे अशा समजुतीने जागेवर हक्क नोंदवला. निघाले रुपे आणि शिसे, पुढे जस्तही. दोनच वर्षांनी ब्रोकन हिल प्रोप्रायटरी ही कंपनी उभी राहिली. आज जगातील अग्रगण्य खाणकंपन्यांत गणली जाणारी बीएचपी ती हीच. सात किलोमीटरहून लांब पसरलेली ती धातुशीर उपसता उपसता वरचा डोंगरच नाहीसा झाला आणि त्याच्या जागी टाकाऊ दगडमातीचा एक काळा ढिगारा शहराच्या मधोमध उभा राहिला. कंपनीने १९३९ मध्ये येथून काढता पाय घेतला. इतर खाणी चालू राहिल्या, पण एकेकाळी तीस हजारांवर असलेली वस्ती आता अठरा हजारांच्या आत आली आहे. रस्त्यांची नावे मात्र अजून रसायनशाळेतील बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखी आहेत: अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड.

प्रवाशाने पहिल्या दिवशी प्रथम त्या ढिगाऱ्यावरच जावे. तेथे २००१ मध्ये खाणकामगारांचे स्मारक उघडले. गंजलेल्या पोलादाच्या आकृतीत काचेच्या भिंती, आणि त्यांवर खाणीत प्राण गमावलेल्या आठशेहून अधिक माणसांची नावे. नावाशेजारी मृत्यूचे कारणही लिहिलेले आहे. दरड कोसळली. विवरात पडला. ही नोंद एकामागून एक वाचत गेले की खाली दिसणाऱ्या दुमजली, जाळीदार लोखंडी सज्जांच्या देखण्या इमारती कोणत्या मोलाने उभ्या राहिल्या हे सांगावे लागत नाही. १९१९-२० मध्ये येथील कामगारांनी सुमारे दीड वर्ष संप करून आठवड्याला पस्तीस तासांचे काम पदरात पाडून घेतले. शिशाची धूळ मात्र संपाने हटणारी नव्हती. लहान मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी १९९० च्या दशकापासून आजही नियमित करावी लागते.

अर्जेंट रस्त्यावरील पॅलेस हॉटेलची कथा या मासिकाच्या वाचकांना विशेष वाटेल. १८८९ मध्ये ते बांधले गेले ‘कॉफी पॅलेस’ म्हणून, म्हणजे मद्याचा थेंबही न मिळणारे उतारूगृह. तहानलेल्या खाणकामगारांच्या गावात मद्यनिषेधकांनी केवढे हे धाडस केले! ते चालले नाही, आणि तीनच वर्षांत तेथे मद्याचा परवाना आला. पुढे भिंती व छत चित्रांनी भरून गेले. चित्रकलेचे वेडही या गावाला खाणीइतकेच जडले आहे. खाणीत राबलेला प्रो हार्ट येथूनच नामवंत चित्रकार झाला, आणि १९०४ पासूनचे नगर कलादालन आजही चालू आहे.

गावाच्या उत्तरेला, जुन्या उंटतळाच्या जागी, पत्र्याची एक लहानशी लाल मशीद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंटवाल्यांनी ती उभारली. सरसकट ‘अफगाण’ म्हटल्या जाणाऱ्या या माणसांत बलुची, सिंधी, पंजाबीही होते. ऑस्ट्रेलियात उंटांचा पहिला मोठा तांडा १८६६ मध्ये कराचीहून आला, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. रूळ येण्यापूर्वी आणि आल्यावरही, जेथे चाक रुतत असे तेथे पाणी, पीठ, लोकर यांचे ओझे याच मंडळींनी वाहिले. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना मिळालेली जागा मशिदीएवढीच लहान आहे.

आता पोटाकडे वळू. गावाचा अभिमानाचा पदार्थ म्हणजे ‘चीज स्लॉ’: किसलेले चीज, किसलेले गाजर आणि मेयोनेझ. दिसायला शाकाहारी, पण गाजर कंदमूळ आणि मेयोनेझमध्ये बहुधा अंडे. तेव्हा व्रतस्थ जैन प्रवाशाने त्याला दुरूनच नमस्कार करावा. दक्षिण भागातील बेल्स मिल्क बार मात्र आनंदाची जागा आहे. १८९२ पासूनची परंपरा सांगणारे हे दुकान १९५० च्या दशकातील सजावट जपून आहे. सरबताचे पाक स्वतःच्या कृतीने बनतात आणि ते दुधात घुसळून मिळतात. आइस्क्रीम घालून घेण्याआधी त्यातील घटक विचारून घ्यावेत, एवढेच.

खरे नवल क्वांडाँगचे. हे मरुभूमीतील लालभडक, आंबट फळ. त्याचा मुरंबा होतो, गोड सारणही होते. त्याचे झाड चंदनाच्या कुळातले आहे आणि चंदनासारखेच शेजारच्या झाडांच्या मुळांतून आपले पोषण घेते. सहाणेवरचे चंदन ज्यांच्या रोजच्या पूजेत आहे, त्यांना त्याचा असा आंबटगोड भाऊबंद परदेशी वाळवंटात भेटावा हा योग मोठा गमतीचा.

शहराभोवतीची हिरवळ पाहून मात्र थांबावे. खाणीच्या लाकडासाठी आणि सरपणासाठी सारी झाडी तुटली, मेंढ्यांनी व सशांनी उरलेली खाल्ली, आणि धुळीची वादळे घरांच्या कुंपणापर्यंत वाळू रचू लागली. खाणीत धातुपरीक्षक असलेल्या अल्बर्ट मॉरिस यांनी फावल्या वेळात वनस्पतींचा अभ्यास केला होता. १९३६ पासून त्यांच्या सल्ल्याने पडीक जमिनीला कुंपण घातले गेले. थोडी रोपे लावली. बाकी काम खूर आणि दात यांना मज्जाव करण्याचे. मातीत दडलेले बी आपोआप उगवून आले. १९३९ मध्ये मॉरिस वारले, पण ते हिरवे कडे आजही उभे आहे. पाण्याची विवंचना मात्र सरली नाही. २०१९ पासून ते २७० किलोमीटर लांबीच्या नळाने मरे नदीतून येते.

संध्याकाळ राखून ठेवावी ती शहराबाहेरील टेकडीसाठी. १९९३ मध्ये देशोदेशीच्या शिल्पकारांनी तेथे वालुकाश्माची बारा शिल्पे घडवली. मावळतीच्या उन्हात दगड तांबूस पेटतात. हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, सूर्य पाचाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी गावात परतून भोजन करण्याचा बेत करू नये. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी टेकडीवर बरोबरच न्यावी, आणि पाण्याची बाटली विसरू नये.