काकडीचे सँडविच आणि जुलै महिना

सुखात्मिका शिकवताना आम्ही ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’चा दाखला वर्षानुवर्षे देत आलो. त्यातल्या काकडीच्या सँडविचांपाशी आलो, की ‘हे उच्चवर्गीय चैनीचे प्रतीक’ एवढे सांगून पुढे सरकायचे, असा आमचा शिरस्ता. तो चुकीचा होता, असे आता वाटते.

हे नाटक 14 फेब्रुवारी 1895 रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात प्रथम रंगले. त्यात अल्जर्नन मावशीसाठी मागवलेली सँडविचे स्वतःच फस्त करतो आणि ती आल्यावर आश्चर्याचा आव आणतो. बाजारात काकडीच नव्हती, असे नोकर निर्विकारपणे सांगतो. दुसरा अंक दुसऱ्या दिवशी घडतो आणि त्याच्या रंगसूचनेत महिना दिलेला आहे: जुलै. इंग्लंडात हे काकडीच्या ऐन बहराचे दिवस! म्हणजे थाप धडधडीत आहे, आणि मावशी ती खोडूनही काढत नाही. प्रतीकाच्या नादात आम्ही काकडी पाहिलीच नव्हती. म्हणून विनोदही अर्धाच हाती लागला.

मुळात हा पदार्थ हंगामावरच उभा आहे. कडा कापलेला पातळ पांढरा पाव, त्यावर कडेपर्यंत लोणी, म्हणजे पाव ओला होत नाही. आणि मीठ लावून पाणी निथळलेल्या काकडीच्या चकत्या. बस्स. मुंबईच्या रस्त्यावरचे सँडविच आम्हांला प्रियच आहे. पण तिथे हिरवी चटणी, बटाटा, बीट आणि मसाला एखादी निबर काकडी सांभाळून घेतात. इथे काकडी कडू किंवा जून निघाली, तर तिला लपायला जागा नाही. साधेपणा सोपा नसतो, तो असा.

वर्गवाचन टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. उलट जुलै ध्यानात घेतला, की बाजाराशी संबंध तुटलेला तो वर्ग अधिकच उघडा पडतो. पण वस्तू आधी, प्रतीक नंतर. आपल्या ग्रामीण कथेतल्या हुरड्याचेही आम्ही ‘कृषिसंस्कृती’ असे नामकरण करून टाकतो. जोंधळ्याचा दाणा किती थोडे दिवस कोवळा राहतो, हे विद्यार्थ्याला सांगायचे राहून जाते. मग त्या निमंत्रणातली घाई त्याला कशी कळावी?

यंदा वर्गात पहिला प्रश्न ‘याचा अर्थ काय?’ हा नसेल. ‘महिना कोणता?’ हा असेल.