लांब बेड आधी, भारी पाती नंतर



घरच्या लाकूडकामासाठी जॉइंटर घ्यायचा असेल आणि जवळपास एकाच किमतीची, दिसायला सारखी दोन यंत्रं समोर असतील, तर लांब बेडचं यंत्र घ्यावं, भारी पात्यांचं नव्हे. हे माझं मत आमच्या घरातच सगळ्यांना पटलेलं नाही. तरी ठामपणे मांडते आहे, कारण यात भिशीत साठवलेले पैसे जातात आणि यंत्र एकदा घरात आलं की वर्षानुवर्षं त्याच्याशीच संसार करायचा असतो.

पाट-चौरंगांचं काम सुरू केल्यापासून अनेकींनी विचारलं की हे यंत्र नक्की करतं तरी काय. आपल्याकडे सुतार याला रंधा मशीन म्हणतात, दुकानदार सरफेस प्लॅनर म्हणतात. वखारीतून आणलेली फळी कधीच सरळ नसते. कुठे बाक असतो, कुठे पीळ, कुठे ती पन्हळीसारखी वळलेली असते. जॉइंटर तिची एक बाजू सपाट करतो आणि मग तिची कड त्या बाजूशी काटकोनात आणतो. एवढंच काम, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं असतं. चौरंगाचा १८ इंची माथा एका फळीतून मिळत नाही. साडेचार इंचांच्या चार पट्ट्या कडेला कड लावून चिकटवाव्या लागतात. कडा सरळ नसतील तर सांध्यात फट राहते, आणि दोन पावसाळ्यांत तो सांधा उघडतो.

काही जणी म्हणतात, थिकनेस प्लॅनर असला की जॉइंटर कशाला? तर प्लॅनरचे रूळ वाकडी फळी दाबून धरतात, वरून तासतात, आणि फळी बाहेर आली की स्प्रिंगसारखी पुन्हा मूळ आकारात येते. म्हणजे जाडी सगळीकडे सारखी होते, बाक मात्र तसाच राहतो. आधी जॉइंटर, मग प्लॅनर, हा क्रम म्हणूनच आहे.

आता त्या दोन यंत्रांकडे येऊ. दोन्ही ६ इंची, दोन्ही १ एचपीची, दोन्ही घरच्या सिंगल फेजवर चालणारी. पहिल्याचा बेड ४८ इंच लांब, बिडाचा, आणि कटर ब्लॉकवर स्टीलची तीन सरळ पाती. दुसऱ्याचा बेड ३० इंचांचा, पण ब्लॉकवर कार्बाईडचे छोटे चौकोनी तुकडे मळसूत्रासारखे फिरत बसवलेले. किमतीत नाव घेण्यासारखा फरक नाही. दुकानात गेलात तर शंभरातले बहुतेक लोक दुसऱ्याकडेच वळतील, आणि त्यांचं कारण खोटं नाही.

त्या चौकोनी तुकड्यांचे गुण आधी मोकळेपणाने सांगते. एका तुकड्याला चार धारा असतात. एक बोथट झाली की स्क्रू सैल करून तुकडा पाव फेरा फिरवायचा, बसायची जागा पुसून पुन्हा आवळायचा, की नवी धार तयार. खिळा लागून एक तुकडा गेला तर तेवढाच बदलायचा. आवाज बराच कमी होतो. आंबा, बाभूळ अशा लाकडात रेषे उलटसुलट असले तर सरळ पाती तिथे लाकूड उपटतात, हे तुकडे तितकं उपटत नाहीत. सागवानात सिलिका असते, तिने स्टीलची धार लवकर मरते, कार्बाईडची कित्येक पट टिकते. हे सगळं खरं आहे.

पण हे सगळे गुण फळी किती गुळगुळीत निघते आणि देखभाल किती सोपी आहे, याबद्दलचे आहेत. फळी किती सरळ निघते, याच्याशी त्यांचा संबंध नाही. सरळपणा येतो बेडमधून. जॉइंटरचा बेड दोन भागांचा असतो. मधे कटर, अलीकडे इनफीड टेबल, पलीकडे आउटफीड टेबल. इनफीड एखादा मिलिमीटर खाली असतं, तेवढं लाकूड एका फेरीत जातं. आउटफीड पात्याच्या सर्वांत उंच टोकाशी अगदी सपाट असतं. फळीला सरळ म्हणजे काय हे ती दोन टेबलंच शिकवतात. पाच-सहा फुटी बाकदार फळी १५ इंचांच्या इनफीडवर ठेवली, तर थोडा भाग टेकतो आणि बाकीची मागे हवेत लोंबते. तिच्या वजनाने तोल जातो, फळी झुलते, आणि कटर सरळ रेषा सोडून तिच्या बाकामागे जातो. ढोबळ हिशोब असा की बेडच्या दुप्पट लांबीची फळी आरामात सरळ करता येते. म्हणजे ३० इंची बेडवर पाच फूट, ४८ इंचीवर आठ फूट. पाट, चौरंग, छोटा देव्हारा यांना पाच फूट पुरतात. पण साड्यांच्या कपाटाची उभी फळी सहा फुटांची असते, आणि एकदा हात बसला की पहिली मागणी घरातून कपाटाचीच येते.

हाताच्या रंध्यांकडे बघा, म्हणजे हे लगेच ध्यानात येईल. गुळगुळीत करायचा ४ नंबरचा रंधा साडेनऊ इंचांच्या आसपास असतो आणि कडा सरळ करायचा ७ नंबरचा २२ इंचांचा. दोघांची पाती एकाच जातीची, फरक लांबीचा. छोटा रंधा फळीच्या खळग्यात उतरतो, लांब रंधा खळग्यावरून जातो आणि फक्त उंचवटे कापतो. ज्यांनी ही हत्यारं घडवली त्यांनी सरळपणासाठी लांबी वाढवली, हे काही उगीच नाही.

माझ्या मताचं दुसरं कारण साध्या गृहिणीच्या हिशोबाचं आहे. जे नंतर बदलता येत नाही, त्याला आधी पैसे द्यावेत. घर घेताना आपण उजेड आणि पाणी बघतो, रंग नंतर देता येतो. इथेही तसंच. बऱ्याच यंत्रांना पुढे कार्बाईडच्या तुकड्यांचा ब्लॉक बसवता येतो. घेण्याआधी त्या मॉडेलला मिळतो का, एवढं विचारून ठेवा. हात वाढला, पैसे साठले, की तो घ्या. ३० इंची बेड मात्र कुठल्याही पैशाने ४८ इंची होत नाही. कुणी म्हणेल, दोन्ही बाजूंना रोलर स्टँड लावा. स्टँड फळीचं वजन पेलतो, पण सरळपणा देत नाही, आणि त्याची उंची केसभर चुकली तर उलट फळीच उचलतो.

तिसरा आक्षेप जागेचा. आमच्याकडे येणारे मिस्त्रीकाका म्हणाले, “वहिनी, एवढं लांब धूड कशाला? छोटं घ्या, कोपऱ्यात मावेल.” पण जागा यंत्र खात नाही, फळी खाते. सहा फुटी फळी घालायला कटरच्या अलीकडे सहा फूट आणि पलीकडे सहा फूट मोकळे लागतातच, बेड कितीही असो. एवढी मोकळी जागा असेल तर ४८ इंची बेड त्यात सहज बसतो. नसेल तर छोटं यंत्र घेऊनही ती फळी सरळ करता येणार नाही.

सरळ पात्यांची खरी अडचण एकच, ती म्हणजे बसवणं. तिन्ही पाती एका उंचीवर, दोन्ही टोकांना सारखी बसली पाहिजेत. हे कठीण वाटतं, पण स्वेटरची बाही जुळवणाऱ्या बाईला कठीण नाही. आधी प्लग काढायचा. मग आउटफीडवर एक सरळ लाकडी पट्टी ठेवून तिचं टोक कटरवर येऊ द्यायचं आणि ब्लॉक हाताने हळू फिरवायचा. पातं पट्टीला नुसतं घासून जरासं पुढे ओढतं, तिन्ही पाती सारखंच ओढतात, हे आलं की काम झालं. पात्यांचे दोन संच ठेवा. एक धारवाल्याकडे, एक यंत्रावर. पात्यात छोटी खाच पडली आणि लाकडावर रेघ उमटायला लागली, तर एक पातं किंचित बाजूला सरकवायचं, रेघ जाते.

माझं मत कुठे लागू होत नाही, तेही सांगते. भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये राहत असाल, तर सरळ पात्यांचा कर्कश आवाज शेजाऱ्यांवर लादू नका. पण तिथे मी छोटं यंत्रही सुचवणार नाही. लांब हातरंधा घ्या, तेवढ्या पैशात चांगला येतो आणि दुपारी सासूबाईंची झोपही मोडत नाही. आणि ज्यांना आयुष्यभर फक्त पाट आणि पेट्याच करायच्या आहेत, चार फुटांवर कधी जायचंच नाही, त्यांनी कार्बाईडचं छोटं यंत्र खुशाल घ्यावं. बाकी सगळ्यांसाठी माझं उत्तर लांब बेड.

यंत्र बघायला जाताना गुण्या आणि लाकडाचे दोन तुकडे बरोबर न्या. फेन्स, म्हणजे बाजूची उभी पट्टी, बेडशी काटकोनात राहते का ते गुण्याने बघा. मग दोन्ही तुकड्यांच्या कडा मारून घ्या, त्या एकमेकींवर उभ्या ठेवा आणि उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर बेडची दोन टेबलं एका पातळीत नाहीत. ते दुरुस्त करून द्यायला सांगा, नाहीतर बाहेर पडा.

सर्वांत आधी कटरवरची राखण तपासा. फळी सरकली की ती बाजूला व्हायला हवी आणि फळी गेली की आपोआप परत यायला हवी. ती अडखळत असेल तर बेड कितीही लांब असो, ते यंत्र नको. स्वस्तात मिळतं म्हणून जुन्या चौकोनी ब्लॉकचं यंत्रही नको, त्यात हात ओढला जातो. पदर, ओढणी, बांगड्या, मोकळे केस आणि हातमोजे यातलं काहीही यंत्राजवळ नसावं. १२ इंचांपेक्षा लहान तुकडा त्यावर घालू नये. फळी ढकलायला पुश ब्लॉक वापरावेत, तळवा कटरच्या वर कधीच येऊ नये. तोंडाला मास्क हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं आहे.

दोन गोष्टी आपल्या घरांसाठी खास. बिडाचा बेड पावसाळ्यात बिडाच्या तव्यासारखाच गंजतो, म्हणून त्यावर मेण चोळतात. दुकानात मिळणाऱ्या मेणात बहुधा मधमाशांचं मेण असतं, ते आपण वापरत नाही. ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून मिळणारं कार्नोबा मेण किंवा साधं पॅराफिन घ्या, काम तितकंच होतं. दुसरं, वखारीतली फळी यंत्रावर घालण्याआधी उन्हात नव्हे, सावलीत मोकळी झटकावी, भेगा नीट बघाव्यात, मुंगी-भुंगा असेल तर त्याला जाऊ द्यावं. त्याच नजरेत खिळाही सापडतो. जयणा पाळली की पातंही वाचतं.

बाकी पात्यांचं कौतुक करणारे खूप भेटतील. त्यांचं ऐका, मग त्यांनी केलेल्या चौरंगाच्या माथ्यावरून बोट फिरवा. गुळगुळीतपणा पॉलिश पेपरनेही आणता येतो. सांधा मात्र आधीच सरळ असावा लागतो.