मुक्तिभूमी ‘त्यांची’ नाही

मी येवल्याचा. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना गाव दाखवायचं काम नेहमी माझ्याकडे येतं. त्यांची यादी ठरलेली असते. आधी पैठणी. हातमागावर विणताना बघायची, रील काढायची, भावात घासाघीस करायची. वेळ उरला तर तात्या टोपेंचं जन्मगाव म्हणून एखादा फोटो. मग गाडी शिर्डीकडे. मध्ये मी मुक्तिभूमीचं नाव काढलं की गाडीत सगळे गप्प होतात. आणि कुणीतरी अगदी समजूतदार आवाजात म्हणतं, “ते त्यांचं असतं ना?”

माझं भांडण या ‘त्यांचं’शी आहे.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात दलित वर्गाची परिषद भरली होती. हिंदू म्हणून जन्माला येणं आपल्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जाहीर केलं. एवढं शाळेच्या पुस्तकातही असतं. नसतं ते त्याच्या आधीचं. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. मागणी एकच, आम्हालाही आत येऊ द्या. दरवाजे बंद झाले. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी पाच वर्षं झुंजत राहिले, दार उघडलं नाही. येवल्याच्या परिषदेनं तो सत्याग्रह थांबवायचं ठरवलं. तुमच्या दाराशी आता उभे राहणार नाही, असा त्याचा अर्थ.

आता सांगा, हे वाक्य कुणाला उद्देशून होतं? समोर बसलेल्या माणसांसाठी तो पुढचा रस्ता होता. पण ज्यांनी दार लावून घेतलं, त्यांना ते उत्तर होतं. पत्र ज्याच्या नावानं आलं, त्यानंच ते न उघडता शेजाऱ्याकडे सरकवावं आणि वर म्हणावं, “हे तुमचं दिसतंय,” तसं आपण गेली नव्वद वर्षं करतोय. आपण म्हणजे सवर्ण घरांत वाढलेले लोक. मीही त्यातलाच.

गंमत म्हणजे याच घरांतली मुलं अमेरिकेत शिकायला गेली की अटलांटात मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर बघतात. मेम्फिसला लॉरेन मोटेलच्या त्या बाल्कनीखाली उभी राहतात, जिथे ४ एप्रिल १९६८ ला किंग यांना गोळी लागली. इन्स्टावर फोटो टाकतात, खाली मनापासून चार ओळी लिहितात. चांगलंच आहे, जरूर जावं. पण तिथे कुणी त्यांना विचारत नाही, हे तर काळ्यांचं, तुम्ही कशाला आलात? तो इतिहास सगळ्यांचा, असं तिथे पटकन पटतं. दुसऱ्याच्या देशातला अन्याय बघायला सोपा असतो. त्यात आपल्या आजोबांचं नाव निघत नाही.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. पण अलाबामातल्या मॉंटगोमेरी शहरात २०१८ साली उघडलेलं एक स्मारक बघा. झुंडींनी ठार मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची ती आठवण. आठशेहून जास्त पोलादी स्तंभ, प्रत्येकावर जिथे खून झाले त्या काउंटीचं नाव. बाहेरच्या मैदानात त्याच स्तंभांच्या जोडप्रती ठेवल्यात. कल्पना अशी की त्या त्या काउंटीनं यावं, आपला स्तंभ उचलावा आणि आपल्या गावात नेऊन उभा करावा. कोण मेलं हे सांगून ते स्मारक थांबत नाही, कुठे मारलं तेही सांगतं.

आपल्याकडे स्मारक झालं की प्रश्न मिटतो. ‘मुक्तिभूमी’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. मुक्ती कुणापासून, हे विचारत नाही.

अमेरिकेची तुलना मी ओढूनताणून करत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. न्यूयॉर्कला शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. ज्यांना हे सोसावं लागलं, त्यांनी सातासमुद्रापलीकडचे आपले लोक केव्हाच ओळखले. आपल्याला मात्र हायवेला लागून असलेलं गाव ओळखू येत नाही.

“जुनं उकरून काय मिळणार? उगाच तेढ वाढते.” हेही मी ऐकतो. तात्या टोपेंचा १८५७ चा इतिहास याहून जुना, तो उकरताना कुणाला तेढीची भीती वाटत नाही. म्हणजे अडचण जुन्याची नाही. ज्या इतिहासात आपण वीर असतो तो वारसा आणि ज्यात आपण दार लावणारे असतो ते उकरणं, असा हा हिशोब आहे. आणि जुनं म्हणाल तर लग्नाच्या साइटवर जातीचा रकाना आजही भरला जातो.

मान्य, १३ ऑक्टोबरला इथे अनुयायी येतात आणि बाहेरच्याला आपण उपरे वाटू. वाटू दे. थोडं अवघडून उभं राहिल्यानं कुणी मरत नाही. काळारामाच्या दाराबाहेर लोक पाच वर्षं उभे होते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अमेरिकेत नागरी हक्कांच्या लढ्याच्या जागा जोडणारी वाट आखली आहे. आपली वाट तर एका दिवसात होते. सकाळी पंचवटीत काळारामाच्या दारासमोर उभं राहायचं आणि ते कुणी, कुणासाठी बंद केलं हे मोठ्यानं बोलायचं. मग तिथून ऐंशीएक किलोमीटरवर येवला. शाळांच्या सहली या वाटेनं निघाल्या पाहिजेत, आणि सगळ्या जातींच्या मुलांना घेऊन. पैठणी घ्या, विणकरांची पोटं त्यावर आहेत. शिर्डीलाही जा. पण मॉंटगोमेरीतल्यासारखा आपल्या नावाचा एक स्तंभ येवल्यातही पडून आहे असं समजा, आणि तो उचलायला या.