नर्सिंगच्या मुली आणि ‘डिटेन’चा शिक्का

परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले की आमच्या सल्ला केंद्रात नर्सिंगच्या मुली येऊ लागतात. मारहाणीची, पोटगीची तक्रार घेऊन आलेल्या बायांमध्ये या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली जरा वेगळ्या दिसतात. म्हणणं मात्र एका वाक्याचं असतं : ‘ताई, कॉलेज फॉर्म भरू देत नाही.’ कुणाची हजेरी कमी भरलेली असते, कुणाचे इंटर्नलचे गुण. ‘डिटेन’ हा शब्द आता खेड्यातल्या आईबापांनाही पाठ झाला आहे.

यात स्त्री संघटनेनं काय करायचं, अभ्यास केला नाही तर नापास होणारच, असं आपल्यातल्याही काही मैत्रिणी म्हणतात. म्हणून आधीच स्पष्ट करते. नियम सैल करा, कुणालाही पास करा, असं माझं म्हणणं नाही. औषधाच्या मात्रेत दशांश चिन्ह एक घर सरकलं तर रोग्याचा जीव जाऊ शकतो. सरकारी दवाखान्यात त्या रोगी बहुतेक आपल्याच बाया असतात, बाळंतपणाला आलेल्या. तिथली सिस्टर नीट शिकलेलीच हवी. प्रश्न कसोटीचा नाही. ती कशी लावली जाते आणि कुणाच्या हातात असते, हा आहे.

नियम काय आहेत ते बघू. भारतीय परिचर्या परिषदेनं घालून दिल्याप्रमाणे परीक्षेला बसायला लेखी विषयांत आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के हजेरी लागते. पदवी किंवा पदविका हातात पडण्याआधी मात्र वॉर्डातल्या कामाचे तास १०० टक्के पुरे करावे लागतात. पास व्हायला लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे ५० टक्के. लेखी परीक्षेत १०० पैकी २५ गुण कॉलेजच्या हातातले, प्रात्यक्षिकात कॉलेजचा वाटा त्याहून मोठा. बी. एस्सी. नर्सिंगला २०२१ पासून सेमिस्टर पद्धत आली. चार वर्षांचा हा अभ्यासक्रम जास्तीत जास्त आठ वर्षांत पुरा करायची मुभा आहे. कागदावर यातलं काहीही अन्यायकारक नाही. आठ वर्षांची मुभा तर उदारच म्हणायची! पण वर्ष गेलेल्या मुलीला घरून आठ वर्षं कोण देणार? तिला आठ महिनेही मिळत नाहीत. शिष्यवृत्तीचं नूतनीकरण वर्ष पुढे सरकण्याशी जोडलेलं, फी पुन्हा भरायची, आणि घरात धाकटी बहीण बारावीला.

अमेरिकेतल्या कॉलेजांत ‘प्रोबेशन’ नावाची एक पायरी असते. गुण ठरावीक पातळीखाली गेले की विद्यार्थिनीला लेखी कळवतात : तू अमुक इतकी मागे आहेस, तमुक काळात इथवर यायचं आहे, मदतीला अमुक शिक्षक आहेत, निर्णय मान्य नसेल तर इथे अपील कर. तिथेही पुढे मुली काढल्या जातात, तिथलं सगळं गोड आहे असं नाही. पण आधी सांगितलं जातं. आपल्याकडे ही मधली पायरीच गाळलेली आहे. महिनोन् महिने कुणी काही बोलत नाही आणि फॉर्मच्या दिवशी दार बंद होतं.

गंमत म्हणजे हा शब्द नर्सिंगला नवा नाही, तो जन्मापासून तिच्यासोबत आहे. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या निधीतून शाळा सुरू झाली, तेव्हा तिथल्या शिकाऊ मुलींना ‘प्रोबेशनर’च म्हणत. प्रत्येकीचा एक छापील तक्ता असे. त्यात कामाच्या कौशल्याआधी नैतिक नोंद : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप. नर्स म्हणजे बदफैली बाई, हा त्या काळचा समज पुसायचा होता, हे समजू शकतं. पण दीडशेहून अधिक वर्षं उलटली तरी तो तक्ता आपल्या कॉलेजांतून गेलेला नाही. नाव बदललं, एवढंच. आता तो इंटर्नलच्या गुणांत लपून बसतो. उलट बोलली, वसतिगृहात दहा मिनिटं उशिरा आली, फोनवर हसत होती, यातलं काहीही २५ गुणांत जिरवता येतं. नर्सिंगला आता मुलगेही येतात. आमच्या भागात त्यांच्या राहण्याच्या जागेला संध्याकाळी सातला कुलूप लागत नाही. त्यामुळे त्यांच्या नावापुढे ‘उशीर’ही लागत नाही.

गेल्या काही वर्षांत आलेल्यांपैकी एकीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिच्या बाबतीत सगळ्याच गोष्टी एकत्र आल्या होत्या. सातपुड्यातल्या पाड्यावरची, आश्रमशाळेत शिकलेली, बारावी आर्ट्‌स. जी. एन. एम.ला कुठल्याही शाखेची मुलगी येऊ शकते. बारावीला इंग्रजी आणि एकूण ४० टक्के गुण पुरतात. ही सवलत चांगली आहे. पण तिच्या हातात पहिल्याच वर्षी शरीररचनेचं जाडजूड इंग्रजी पुस्तक पडतं. ‘जठर’ मराठीत विचारलं तर ती घडाघडा सांगेल. इंग्रजीत तिला आधी शब्द वाचायचा असतो, मग लिहायचा, मग समजून घ्यायचा. दरवाजा उघडला आणि उंबरठा कमरेइतका ठेवला, अशातली गत!

त्यात तिला कावीळ झाली. महिनाभर घरी राहिली. परत आल्यावर दाखला दिला, तो घेतला गेला, पोच मिळाली नाही. वर्गात कुणी म्हणालं नाही की तुझे तास इतके कमी आहेत. फॉर्मच्या आठवड्यात कळलं की हजेरी ७१ टक्के. रजिस्टर दाखवा म्हटल्यावर ‘ते ऑफिसचं आहे’ असं उत्तर. बाप दोन बस बदलून आला आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेर उन्हात बसून राहिला. आम्ही संघटनेच्या कागदावर तारीखवार हजेरी मागितली. ती दोन आठवड्यांनी मिळाली, तेव्हा दिसलं की वॉर्डात रात्रपाळीला केलेल्या काही ड्यूट्या चढवलेल्याच नव्हत्या. त्या चढवून टक्का वाढला, तरी ८० पर्यंत गेला नाही आणि वर्ष गेलंच. तोवर घरी सोयरीक आली होती. तिची आई आमच्याकडे येऊन म्हणाली, ‘ताई, पोरीला तिथं परत बसवा, मी तिच्या बापाला बघते.’ आईनं खरोखरच बघितलं. मुलगी पुन्हा पहिल्या वर्षाला आहे. लग्न थांबलं आहे, मोडलेलं नाही.

आम्हाला लागलं ते हे की पहिल्याच महिन्यात कुणी एक चिठ्ठी दिली असती, ‘तुझे इतके तास राहिले आहेत, या रविवारी, या वॉर्डात भरून काढ’, तर तिचं वर्ष वाचलं असतं. त्या चिठ्ठीला पैसे लागत नाहीत.

भरून काढायच्या तासांबद्दलही बोललं पाहिजे. १०० टक्के वॉर्ड पुरा करायचा नियम रोग्याच्या हिताचा आहे, पण तासांत शिकणं किती आणि राबणं किती? सिस्टरांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, म्हणून शिकाऊ मुलींच्या जिवावर वॉर्ड चालतात. बेड लावणं, तपमान घेणं, नमुने लॅबला पोचवणं, तेच तेच. ट्यूटर सोबत नाही, शिकवणारं कुणी नाही, आणि नोंद मात्र ‘क्लिनिकल’. मग मागे पडलेल्या मुलीला ‘गॅप भरा’ म्हणून सुट्टीत बोलावलं जातं तेव्हा मला शंका येते की ही तिची गरज की हॉस्पिटलची. घरात बाईच्या कामाला काम म्हणत नाहीत, इथे त्याला शिक्षण म्हणतात.

आणि पाळी, गर्भारपण? केरळ सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये आपल्या विद्यापीठांतल्या मुलींना पाळीसाठी हजेरीत सूट दिली, ७५ ऐवजी ७३ टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२१ मध्ये सर्व विद्यापीठांना पत्र लिहून विद्यार्थिनींच्या बाळंतपणाच्या रजेसाठी, हजेरीच्या सवलतीसाठी नियम करायला सांगितलं. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एम. एड.च्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात म्हटलं की बाईला शिक्षण आणि मातृत्व यांतलं एक निवडायला लावता येणार नाही. इकडे बाळंतपणाचंच शास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात मुलगी गरोदर राहिली की ती गुपचूप नाव काढून घेते. वॉर्डाचे तास माफ करा असं मी म्हणत नाही. ते पुढच्या बॅचसोबत पुरे करता येतील, हे तिला लेखी द्या. तिची जागा, तिची पास झालेली पेपरं शाबूत राहू द्या.

मग मागायचं काय? दर महिन्याला हजेरी आणि इंटर्नलचे गुण नोटीस बोर्डावर नव्हे, मुलीच्या हातात, तिच्या सहीनं. मागे पडली तर ‘डिटेन’च्या आधी लेखी सूचना, ठरावीक मुदत, एक ट्यूटर आणि मराठीत समजावून सांगणारा तास. वसतिगृहाची शिस्त आणि अभ्यासाचे गुण यांची वही वेगळी. निर्णयाविरुद्ध जायला अशी समिती, जिच्यात तोच निर्णय घेणारे प्राचार्य अध्यक्ष नसतील. २०२३ साली संसदेनं १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा केला. त्याखाली होणाऱ्या नियमांत हे यावं म्हणून नर्सेसच्या संघटनांसोबत आपणही लिहायला हवं. नर्सेसच्या संघटना पगार आणि बदल्यांवर जोरात लढतात, शिकाऊ मुलींकडे त्यांचं लक्ष कमी असतं. हे मी रागानं नाही, त्यांच्यातल्या मैत्रिणींना तोंडावर सांगितलेलंच इथे लिहिते आहे.

तोवर हातात असलेलं हत्यार वापरू या. सरकारी कॉलेज असेल तर माहितीच्या अधिकाराखाली हजेरीपट थेट मागता येतो. खासगी असेल तर विद्यापीठाकडे किंवा परीक्षा मंडळाकडे अर्ज करता येतो. स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली मान्य केलेला आहे. आजारपणाचा दाखला देताना दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घ्यायचा, हे तर प्रत्येक मुलीला प्रवेशाच्या दिवशीच सांगायला हवं. आम्ही तारीखवार हजेरी मागण्याच्या अर्जाचा साधा मराठी नमुना तयार केला आहे. ज्या गटांच्या गावात नर्सिंग कॉलेज आहे त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं. फॉर्म सुटायच्या दोन महिने आधी तो मुलींच्या हातात पडला तरच उपयोग आहे.